उघड्या झाकणापासून बंद टाकीपर्यंत : महाराष्ट्रातील घरगुती गरम पाणी आणि त्याच्या निगेचा इतिहास

पाणी तापवून साठवणाऱ्या कोणत्याही भांड्यापुढे तीन प्रश्न असतात : तापताना फुगणाऱ्या पाण्याला आणि त्याच्या वाफेला वाट कोठून द्यायची, पाणी आटल्यावर किंवा प्रमाणाबाहेर तापल्यावर जाळ कोणी थांबवायचा, आणि जळणाचा धूर अथवा विजेचा प्रवाह नाहणाऱ्या माणसापासून दूर कसा ठेवायचा. एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील घरांत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर उघडे भांडे आणि त्याच्याजवळ वावरणारे माणूस हेच होते. विसाव्या शतकात नळ आणि वीज घरात आल्यावर भांडे बंद झाले, माणूस त्याच्यापासून दूर गेले आणि त्याने केलेली राखण काही छोट्या यंत्रभागांकडे सोपवली गेली. म्हणून बंबापासून गिझरपर्यंतचा इतिहास हा केवळ सोयीच्या वाढीचा इतिहास नाही. सुरक्षिततेची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली आणि त्या हस्तांतरात काय निसटले, याचाही तो इतिहास आहे.

चूल, हंडा आणि न्हाणी

भारतीय उपखंडात गरम पाण्याच्या स्नानासाठी स्वतंत्र जागा असल्याचे उल्लेख जुने आहेत. पाली विनयपिटकात भिक्खूंच्या ‘जंताघरा’चे, म्हणजे अग्नी पेटवून तापवलेल्या स्नानगृहाचे, वर्णन येते आणि तेथे धूर बाहेर जाण्यासाठी नळीची तरतूदही सांगितलेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनाच्या, म्हणजे घाम आणण्याच्या उपचाराच्या, प्रकारांमध्ये ‘जेन्ताक’ नावाच्या तापवलेल्या खोलीची रचना दिलेली आहे. मध्ययुगात दौलताबादच्या किल्ल्यात आणि बुऱ्हाणपूरच्या राजवाड्यात हमाम बांधले गेले. तथापि ही मठांची आणि राजवाड्यांची व्यवस्था होती. सामान्य घरात अंगावर घेण्याचे पाणी चुलीवरच तापत असे.

गावातील घरात मागील दाराजवळ दगडी फरशीची, उताराची न्हाणी असे आणि तिचे सांडपाणी परसातील केळी-अळवाला जाई. पाणी तापवण्याची चूल न्हाणीलगत किंवा पडवीत मांडलेली असे. कोकणात या खास चुलीला पाणचूल म्हणतात. तिच्यावर तांब्याचा किंवा पितळेचा हंडा चढवला जाई, तापलेले पाणी घंगाळात, म्हणजे दोन कड्यांच्या पसरट मोठ्या भांड्यात, काढले जाई आणि अंगाला सोसेल इतके होईपर्यंत त्यात विसण, म्हणजे थंड पाणी, मिसळले जाई. आडावरून किंवा नदीवरून पाणी आणणे, जळण फोडणे, पहाटे जाळ घालणे आणि घरातील एकामागून एक माणसाला पाणी काढून देणे हे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडे आणि सधन घरांत गड्यांकडे असे. गरम पाण्याच्या सुरक्षिततेची जी काही परंपरा महाराष्ट्रात निर्माण झाली, ती या रोज राबणाऱ्या माणसांच्या हातातून आणि नजरेतून झाली, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

या व्यवस्थेचे भौतिक बळ तिच्या उघडेपणात होते. उघड्या भांड्यातील पाणी, खाली कितीही जाळ घातला तरी, सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही आणि पुण्यासारख्या पठारावरील शहरात उंचीमुळे हवेचा दाब थोडा कमी असल्याने ते त्याच्याही किंचित आधी उकळते. जादा उष्णता वाफेबरोबर निघून जाते आणि दाब साठत नाही. त्यामुळे हंडा फुटून घर उडाल्याची भीती कधीच नव्हती. भीती होती ती भाजण्याची : उकळते पाणी उचलून नेताना ते सांडण्याची, लहान मूल घंगाळात पडण्याची आणि चुलीपाशी वावरताना पदराने पेट घेण्याची. घंगाळात आधी थंड पाणी घालून मग गरम ओतावे, ही साधी रीत यासाठीच मोलाची होती.

दिवाळीतील नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला, म्हणजे तेल आणि उटणे लावून पहाटे केल्या जाणाऱ्या स्नानाला, या संदर्भात वेगळे महत्त्व आहे. सणाच्या आधी पाणी तापवण्याची भांडी चिंच, मीठ आणि राखेने लख्ख घासली जात आणि अनेक घरांत पाण्याने भरलेल्या हंड्याला फुलांची माळही घातली जाई. धार्मिक अर्थाने ही पूजाच होती, परंतु घासण्याच्या निमित्ताने भांड्याचा प्रत्येक सांधा आणि पोचा हाताखालून जाई, गळती लक्षात येई आणि भांडे तांबटाकडे पाठवायचे की नाही, हे ठरे. वर्षातून किमान एकदा करावयाची तपासणी पंचांगातील एका दिवसाला बांधलेली होती, असे म्हणता येईल.

तांबट आणि बंब

हंड्याखालच्या उघड्या चुलीत बरीचशी उष्णता वाया जाते, कारण ज्वाळा भांड्याच्या बुडाला चाटून बाजूंनी निसटतात. ही उष्णता अडवणारे जे भांडे महाराष्ट्राच्या शहरी आणि निमशहरी घरांत रूढ झाले, ते म्हणजे तांब्याचा बंब. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. बंब म्हणजे एकात एक बसवलेली दोन उभी नळकांडी. आतल्या नळकांड्यात जाळ आणि धूर, तर दोहोंमधील पोकळीत पाणी. तळाशी जाळी असते, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि हवा आत शिरण्याचे तोंड असते आणि आतले नळकांडे वर धुराड्यासारखे उघडते. जाळ सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे फाटी, ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या किंवा कोळसा असे थोडे जळणही पुरते. रशियातील समोवार या चहाच्या भांड्यातही हेच तत्त्व वापरलेले आहे.

काही बंबांत आणखी एक विचार केलेला दिसतो. थंड पाणी वरच्या नरसाळ्यातून ओतले की ते नळीने थेट तळाशी जाते आणि वर जमलेले हलके गरम पाणी वरच्या बाजूच्या तोटीतून तेवढ्याच मापाने बाहेर पडते. अशा बंबातून पाणी घेण्यासाठी पाणी घालावेच लागते, म्हणून तो वापरताना रिकामा होत नाही. गरम पाणी थंड पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते, या तत्त्वावर आजचा साठवणीचा गिझरही चालतो : त्याच्यातही थंड पाणी तळाशी शिरते, गरम पाणी वरच्या थरातून बाहेर पडते आणि नळ सोडल्यावर टाकी रिकामी न होता भरलेलीच राहते.

हे काम करणाऱ्या तांबटांची वस्ती पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी म्हणून प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या या कारागिरांनी दरबारासाठी आणि घरांसाठी तांब्या-पितळेची कामे केली आणि ब्रिटिश काळातही पुण्याच्या प्रमुख धंद्यांत तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धंदा गणला जात असे. पत्रा कापून, वाकवून, सांध्यांना डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने ते जोडून, मग ओळीने ठोके देत पृष्ठभागावर ठिपक्यांची नक्षी उठवण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. ही नक्षी केवळ शोभेची नसते. ठोक्यांनी तांबे घट्ट आणि ताठ होते, त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडेही पोचत नाही. तांबे उष्णता पोलादापेक्षा कितीतरी पटींनी चांगली वाहते आणि पाण्यात लोखंडासारखे गंजून जात नाही, ही दोन कारणे बंबासाठी त्याची निवड होण्यास पुरेशी होती.

बंबाचे धोकेही तांबटाला आणि घरच्या माणसांना ठाऊक होते. पाणी न भरता जाळ घातला तर डाख वितळून सांधे सुटत. आतल्या नळकांड्यावर काजळी साचली तर धूर तुंबून उलट खाली येई. तोटीत आणि नळीत क्षार बसले तर पाण्याची वाट अरुंद होई. मात्र या सगळ्याची लक्षणे बाहेरून दिसत, कानांना ऐकू येत किंवा हातांना जाणवत. त्यांच्यावरचा उपाय एकतर घरात होई किंवा जवळच्या आळीत. बंबाचे झाकण कधीही आवळून बसवलेले नसे आणि वाफ वाढली की ते आपोआप उचलले जाई. दुसरी तितकीच मोठी खबरदारी जागेची होती : बंब अंगणात, पडवीत किंवा चाळीच्या गॅलरीत पेटवला जाई आणि तापलेले पाणीच तेवढे न्हाणीघरात नेले जाई. जळण आणि नाहणारे माणूस यांच्यातील हे अंतर पुढे जेथे नाहीसे झाले, तेथे माणसे दगावली.

बंद भांड्याने जगाला शिकवलेले धडे

महाराष्ट्रात बंब उघडा होता तेव्हा युरोपात बंद भांड्याशी माणसाची झुंज सुरू झालेली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे मऊ करणारे बंद भांडे मांडले आणि ते फुटू नये म्हणून पुढे त्याला वजनाने दाबलेली झडप बसवली. आतला दाब वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाई. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिटी आणि गिझरची सुरक्षा झडप या दोघींचा वंश येथून सुरू होतो. १८०३ मध्ये ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बाष्पक, म्हणजे वाफ निर्माण करणारे बंद भांडे, देखरेखीचा मुलगा जागेवर नसताना फुटला आणि त्यात कामगार ठार झाले. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बाष्पकात शिशाचे बूच बसवण्याची युक्ती काढली : पाणी प्रमाणाबाहेर आटून धातू तापला तर हे बूच वितळावे आणि वाफ बाहेर पडावी. राखण करणारे माणूस नसेल तेव्हा धातूनेच राखण करावी, ही कल्पना येथे स्पष्ट रूपात दिसते आणि भारतातील अनेक घरगुती गिझरांत आजही वितळणारे बूच असते.

बंद भांडे एवढे घातक का ठरते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वाट नसलेल्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या पुढे तापत राहते, कारण वाढलेला दाब त्याला उकळू देत नाही. टाकी कोठे तरी फाटली की दाब एका क्षणात उतरतो आणि त्या अतितप्त पाण्यातील काही भाग तत्काळ वाफ होतो. एक लिटर पाण्याची साध्या वातावरणीय दाबाला सुमारे १,७०० लिटर वाफ होते. पोलादी टाकी छपरातून उडवणारी शक्ती या अकस्मात फुगण्यात असते.

भारतातही हा धडा गिरण्या आणि कारखान्यांनी प्राण देऊन घेतला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाच्या स्फोटात माणसे मेल्यानंतर १८६४ मध्ये बंगाल प्रांतात बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला आणि प्रांतोप्रांतीच्या कायद्यांनंतर १९२३ मध्ये संपूर्ण देशासाठी भारतीय बाष्पक अधिनियम आला, ज्याची जागा २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली. महाराष्ट्रात या तपासणीसाठी बाष्पके संचालनालय आहे. परंतु हा कायदा वाफ निर्माण करणाऱ्या मोठ्या भांड्यांसाठी आहे; जुन्या अधिनियमाच्या २००७ च्या दुरुस्तीने तर २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची, तसेच १०० अंशांखाली पाणी तापवणारी भांडी स्पष्टपणे वगळली होती. कारखान्यातील बाष्पकाकडे दरवर्षी निरीक्षक येतो, घरातील टाकीकडे कोणीही येत नाही. तिची तपासणी घरमालकाच्या विवेकावर सोडलेली आहे आणि हा तपशील पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

नळ, वीज आणि गिझर

बंब मागे पडण्याचे कारण केवळ धूर नव्हता. बंद टाकीला सतत भरणारे पाणी लागते आणि ते नळाशिवाय शक्य नव्हते. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळाले, पुण्याला खडकवासल्याच्या धरणाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवा साठा दिला आणि हळूहळू घरोघर नळ पोचले. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि राज्याच्या शहरांत विजेचे जाळे पसरत गेले. याच काळात मधल्या अवस्थेचे एक साधन घरोघर शिरले : बादलीत सोडायचा विजेचा रॉड, ज्याला इमर्शन हीटर म्हणतात. त्याच्यात भांडे उघडेच होते, परंतु जाळाची जागा विजेने घेतल्यामुळे धोका डोळ्यांना दिसेनासा झाला. धातूची बादली, निकामी झालेले इन्सुलेशन आणि पाणी तापले का हे पाहण्यासाठी चालू रॉड असतानाच बुडवलेला हात, या तिहींच्या संयोगाने अनेकांचे प्राण घेतले आहेत. रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला स्पर्श करू नये, हा नियम म्हणूनच निरपवाद आहे.

साठवणीच्या गिझराची मूळ कल्पना अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे काम करणाऱ्या एडविन रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याशी जोडली जाते. त्याने १८८९ मध्ये आपोआप चालणारा साठवणीचा जलतापक तयार केला. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचे पेटंट मिळाले आणि तापून लाल झाली तरी लवकर जळून न जाणारी तार उपलब्ध झाल्याने विजेच्या तापकांचा मार्ग मोकळा झाला. भारतीय मानक ब्यूरोने अशा साठवणीच्या विद्युत जलतापकांसाठी आयएस २०८२ हे मानक ठरवले आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्हाशिवाय ते विकण्यास मनाई झाली.

या टाकीत माणसाच्या राखणीची जागा चार भागांनी घेतलेली असते. पहिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज बंद करणारी आणि पाणी निवल्यावर ती पुन्हा चालू करणारी कळ. दुसरा थर्मल कट-आउट, जो थर्मोस्टॅट अडकून पडला तर वीज तोडतो आणि बहुधा हाताने दाबल्याशिवाय पुन्हा जोडला जात नाही. तिसरी अनेक कामांची सुरक्षा झडप : ती तापलेले पाणी थंड पाण्याच्या नळात मागे जाऊ देत नाही, दाब वाढला तर पाणी बाहेर सोडते आणि टाकी रिकामी होताना आत हवा घेते, नाहीतर बाहेरच्या हवेच्या दाबाने टाकी चेपते. चौथे वितळणारे बूच, जे बाकी सगळे निकामी ठरल्यावर स्वतः नष्ट होऊन टाकी वाचवते. बंबाच्या सैल झाकणाने जे एकट्याने साधले होते, ते बंद टाकीत या चार भागांनी मिळून साधायचे असते.

टाकीवरचा ताण केवळ उष्णतेचा नसतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब वाढतो. म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीचे पाणी मधल्या दाबनियंत्रणाशिवाय तळमजल्यावर आले, तर तेथे सुमारे सहा बार दाब असतो. जुन्या दुमजली वाड्यात चालून गेलेली टाकी उंच इमारतीत चालेलच असे नाही, म्हणून टाकीवर लिहिलेला सोसण्याचा दाब आणि इमारतीतील प्रत्यक्ष दाब ताडून पाहणे आवश्यक ठरते. २ किलोवॉटचा तापक १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत सुमारे १८ मिनिटांत तापवतो. त्यानंतर तो चालू राहिला तर टाकीचे रक्षण केवळ वरील भागांच्या शाबूत असण्यावर अवलंबून राहते. असे असूनही, झडपेतून थेंब थेंब पाणी गळते म्हणून तिच्या तोंडाला बूच मारण्याची किंवा ती काढून तेथे साधी नळी बसवण्याची चूक अनेक ठिकाणी होते. गळणारी झडप बहुधा दाब वाढल्याची किंवा ती जीर्ण झाल्याची खूण असते. ती बदलायची असते, बंद करायची नसते.

वायूचा गिझर आणि हरवलेले अंतर

गिझर हे नाव ज्या यंत्रामुळे रूढ झाले, ते मुळात वायूवर चालणारे होते. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, परंतु त्याच्या यंत्राला धूर बाहेर नेणारे धुराडे नव्हते आणि बंद खोलीत ते धोकादायक होते. हाच दोष सव्वाशे-दीडशे वर्षांनी महाराष्ट्राच्या शहरांत नव्याने अवतरला. मुंबईत १९५५ च्या सुमारास सिलिंडरमधील स्वयंपाकाचा वायू आला, पुढे नळाने येणारा वायूही आला आणि वीजबिल वाचवण्यासाठी सिलिंडरवर चालणारा लहान, तत्काळ पाणी तापवणारा गिझर थेट न्हाणीघराच्या भिंतीवर बसवण्याची पद्धत पडली.

यातील धोका सोप्या हिशेबाने कळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यास १२ ते १३ घनमीटर हवा लागते आणि लहान न्हाणीघरात एकूण हवाच पाच-सहा घनमीटर असते. दार-खिडकी बंद असेल तर प्राणवायू लवकर घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या विषारीपणाचे कारण शोधले आणि जॉन स्कॉट हॉल्डेनने १८९० च्या दशकात खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करून ते अधिक स्पष्ट केले. नाहणाऱ्या माणसाला डोके जड वाटते, पाय लटके पडतात आणि कडी उघडण्यापूर्वीच शुद्ध हरपते. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत गॅस गिझरशी निगडित झटके, बेशुद्धी आणि मेंदूची इजा यांची वर्णने ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने आलेली आहेत. अपस्मार समजून उपचार झालेल्या काही रुग्णांच्या मागे हा वायू होता, हे त्यातून पुढे आले. जळणारे यंत्र न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावे आणि आत केवळ गरम पाण्याची नळी यावी, हा आजचा नियम म्हणजे पडवीतील बंबाचीच जुनी शिस्त आहे.

क्षार, गंज आणि जंतू

बंद टाकीचे दुखणे आत वाढते, म्हणून तिच्या निगेचा इतिहास हा अदृश्य गोष्टी ओळखण्याचाही इतिहास आहे. पहिली गोष्ट क्षारांची. जमिनीत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन पांढरट थर तापकावर बसतो. मुंबईच्या तलावांचे पाणी यादृष्टीने सौम्य आहे, परंतु विंधन विहिरींवर अवलंबून असलेल्या अनेक गावांत आणि उपनगरांत हा थर झपाट्याने जमतो. थर उष्णता अडवतो, त्यामुळे तापक स्वतः प्रमाणाबाहेर तापून जळतो, पाणी तापण्यास उशीर होतो आणि टाकीतून खडखडाट किंवा उकळल्यासारखा आवाज येऊ लागतो. झडपेच्या तोंडाशी हेच क्षार बसले तर ती उघडत नाही. म्हणजे वीजबिल वाढवणारा दोष पुढे स्फोटाचे कारण होऊ शकतो.

दुसरी गोष्ट गंजाची. पोलादी टाकीला आतून काचेसारख्या मुलाम्याचा थर दिलेला असतो, परंतु त्यात सूक्ष्म भेगा राहतात. त्यांच्या रक्षणासाठी टाकीत मॅग्नेशियमची कांडी सोडतात, जी पोलादाऐवजी स्वतः झिजते. या उपायाचे मूळ हंफ्री डेव्ही याच्या १८२४ मधील प्रयोगांत आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजू नये म्हणून त्याने त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले होते. ही कांडी संपली की टाकीचा गंज सुरू होतो आणि ती संपली, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट जंतूंची. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची जीवघेणी साथ उद्भवली आणि पुढील वर्षी तिचा जंतू, लीजिओनेला, ओळखला गेला. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, तो वाढतो आणि ६० अंशांच्या आसपास मरतो. तुषारांतून तो फुफ्फुसांत जातो. दुसरीकडे, १९४७ मध्ये अमेरिकेतील मॉरित्झ आणि हेन्रिकेझ यांच्या अभ्यासाने दाखवले, की ६० अंशांचे पाणी सुमारे पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजते, तर ५० अंशांच्या पाण्याला काही मिनिटे लागतात. म्हणून टाकीतील पाणी सुमारे ६० अंशांना ठेवावे आणि अंगावर घेण्यापूर्वी त्यात थंड पाणी मिसळावे, असा मेळ घातला जातो. लहान मुले, वृद्ध आणि मधुमेहाने संवेदना मंदावलेली माणसे यांच्यासाठी ही विसण घालण्याची रीत आजही तितकीच अनिवार्य आहे.

गच्चीवरील सौर जलतापक या कथेला वेगळे वळण देतो. त्याच्या साध्या प्रकारात साठवणीच्या टाकीवरून एक उभी नळी मोकळ्या हवेत काढलेली असते. तिच्यातून वाफ आणि हवा येत-जात राहते, त्यामुळे दाब साठत नाही. उघड्या भांड्याचे तत्त्व या नळीच्या रूपाने पुन्हा वापरात आलेले आहे. मात्र नळीत कचरा अडकला, पक्ष्याने घरटे केले किंवा दुरुस्तीच्या वेळी कोणी ती बंद केली, तर टाकी फुगते अथवा चेपते. तत्त्व कितीही निर्दोष असले तरी त्याची वाट मोकळी ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

निगेचे पुनर्वितरण

या सर्व इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. बंबाच्या काळात रोजची देखरेख, सणाची सफाई आणि तांबटाची दुरुस्ती अशी तीन स्तरांची निगा होती. गिझराच्या काळात हे तिन्ही स्तर एकाच वेळी गळून पडले आणि त्यांच्या जागी वॉरंटीचा कागद आला. निगेचे कष्ट कमी झाले, विशेषतः पहाटे धुरात बसणाऱ्या स्त्रियांचे, ही निःसंशय मोठी प्रगती आहे आणि तिच्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. परंतु कष्ट कमी झाले म्हणजे निगाच अनावश्यक झाली, हा गैरसमज महाग पडतो.

त्या तीन स्तरांची आजची रूपे ठरवता येतात. रोजच्या देखरेखीची जागा काही सवयींनी घ्यावी : नळाला पाणी येत असल्याची आणि टाकी भरल्याची खात्री करून वीज सुरू करणे, अंघोळीला जाण्यापूर्वी ती बंद करणे, आणि झडपेची गळती, भिंतीवरील गंजाचे ओघळ, टाकीतील आवाज किंवा नळाला लागणारा झिणझिणता झटका यांपैकी काहीही जाणवले तर यंत्र लगेच थांबवणे. सणाच्या सफाईची जागा वार्षिक तपासणीने घ्यावी, आणि ती थंडीपूर्वीच्या दिवाळीला जोडली तर परंपरेचा धागाही जुळतो : तापकावरील क्षार काढणे, मॅग्नेशियमची कांडी पाहणे, झडप हाताने उघडून चालते का ते तपासणे, अर्थिंग आणि गळती प्रवाह तोडणारा स्विच यांची परीक्षा घेणे. तांबटाची जागा प्रशिक्षित वायरमन आणि प्लंबर यांनी घ्यावी, आणि त्यांच्या प्रशिक्षणात या झडपेचे व बुचाचे काम केवळ भाग बदलण्यापुरते न शिकवता त्यामागील कारणासह शिकवले जावे.

गृहनिर्माण संस्था आज लिफ्टची, अग्निशमन यंत्रणेची आणि पाण्याच्या टाक्यांची नियमित तपासणी करवून घेतात. त्याच यादीत सदनिकांमधील गरम पाण्याच्या टाक्या आणि वायूचे गिझर घेण्यास फारसा खर्च येणार नाही. कायद्याने घरगुती टाकी आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, म्हणून ही जबाबदारी समाजाने स्वतः उचलणे अधिक गरजेचे ठरते. पाणी तापवणाऱ्या भांड्याची राखण कोणीतरी करावीच लागते; पिढ्यान्‌पिढ्या ती घरातील माणसांनी डोळ्यांत तेल घालून केली आणि आता ती यंत्रभागांकडे असली, तरी त्या यंत्रभागांची राखण करणे हे माणसाचेच कर्तव्य आहे.